उंदीर बरा झाला, पुढे काय? दुर्मीळ आनुवंशिक आजारांच्या मॉडेलांविषयी वाचकांचे प्रश्न

दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरच्या प्रयोगांबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. 'मॉडेल' हा शब्द त्यांत वारंवार येईल. ज्या प्राण्यात किंवा पेशीत आजाराचा काही भाग मुद्दाम घडवता येतो, किंवा आपसूक घडलेला सापडतो, ते त्या आजाराचे मॉडेल. 'काही भाग' एवढे लक्षात असू द्या, पुढची बरीच उत्तरे तिथेच येऊन टेकतात.

प्रश्न : माझ्या मुलाला डुशेन स्नायुक्षय आहे. 'नव्या औषधाने उंदीर बरे झाले' अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि आम्ही दर वेळी आशेला लागतो. त्यातली कोणती बातमी मनावर घ्यावी?

बातमी सहसा खरीच असते. तो उंदीर मुळात किती आजारी होता, हे मात्र तिच्यात लिहिलेले नसते.

या आजारासाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो 'एमडीएक्स' उंदीर. १९८४ मध्ये त्याची नोंद झाली. त्याच्या डिस्ट्रोफिन जनुकात २३ व्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे प्रथिनाची कृती सांगणारा जनुकाचा तुकडा) एक अक्षर बदलून थांब्याची खूण तयार झाली आहे, त्यामुळे स्नायूंत डिस्ट्रोफिन हे तंतूंना आधार देणारे प्रथिन बनत नाही. दोष मुलांमध्ये असतो तसाच, पण परिणाम खूप सौम्य. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्नायुतंतूंची मोठी पडझड होते, मग ते पुन्हा भरून येतात आणि उंदीर जवळजवळ आयुष्यभर चालत राहतो. माणसासारखा झिजत जातो तो त्याचा श्वासपटल. या सौम्यपणाचे एक कारण युट्रोफिन. हे डिस्ट्रोफिनचे जवळचे नातलग प्रथिन उंदराच्या स्नायूत वाढते आणि रिकामी जागा बरीचशी सांभाळून घेते. १९९७ मध्ये दोन्ही प्रथिने नसलेले उंदीर तयार झाले, तेव्हा ते वीस आठवड्यांच्या आत दगावले. तोच एमडीएक्स दोष डीबीए/२ वाणाच्या उंदरात नेला की स्नायूंत जास्त चट्टे पडतात आणि आजार अधिक गंभीर होतो. डुशेन असलेल्या गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत तो माणसाच्या सर्वांत जवळ जातो.

म्हणून बातमी वाचताना आधी प्राणी कोणता ते पाहा. एमडीएक्स चालणे सोडतच नाही, तेव्हा त्याच्या चालण्यातल्या सुधारणेला फार वजन देऊ नका. श्वासपटलाची ताकद, हृदयाचे काम, स्नायूतील डिस्ट्रोफिनचे प्रमाण असे काही मोजले असेल तर पुढे वाचा.

दुसरे, उपचार कधी सुरू केला ते शोधा. आम्हाला ही सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते आणि बातमीतून नेमकी तीच गळते. मेरुरज्जूजन्य स्नायुक्षय, म्हणजे एसएमए, याचे उदाहरण घ्या. या आजाराच्या उंदरांना २०१० मध्ये विषाणूवाहकातून निरोगी जनुक दिले गेले. जन्माच्या पहिल्या दिवशी दिले तेव्हा दोन आठवड्यांत मरणारी पिल्ले अडीचशे दिवसांच्या पुढे जगली. पाचव्या दिवशी दिले तेव्हा अर्धवट फायदा झाला, दहाव्या दिवशी जवळपास काहीच नाही. औषध तेच होते, फरक फक्त दिवसांचा. पुढे रुग्णांमध्येही लक्षणे दिसण्याआधी उपचार मिळालेल्या बाळांची प्रगती सर्वांत चांगली दिसली. उलट रेट सिंड्रोम या मेंदूच्या आजाराच्या उंदरांत २००७ मध्ये असे दिसले की आजार बळावल्यानंतर बंद जनुक पुन्हा सुरू केले तरी लक्षणे मागे हटतात. नुकसान भरून येण्याजोगे आहे की नाही, याचे उत्तर आजारागणिक वेगळे असते आणि ते मॉडेलमध्येच आधी कळते.

तिसरे, उपचार तुमच्या मुलाच्या नेमक्या दोषाला लागू आहे का? एमडीएक्समध्ये २३ वा एक्सॉन वगळणारे औषध चालले तरी रुग्णात बहुधा दुसराच एक्सॉन वगळावा लागतो. त्या औषधाची अक्षरे माणसाच्या जनुकाशी जुळवलेली असतात, म्हणून ते तपासायला माणसाचे डिस्ट्रोफिन जनुक घातलेला उंदीर लागतो. मुलाच्या अहवालातील एक्सॉन क्रमांकांसह लिहिलेला दोष एका कागदावर उतरवून जवळ ठेवा, म्हणजे अशी प्रत्येक बातमी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

प्रश्न : जनुक तेच, बिघाडही तोच. मग काही आजार उंदराला होतच नाहीत, असे का?

कारण शरीराकडे एकाच कामाला अनेक वाटा असतात आणि कोणती वाट उघडी आहे हे प्राण्यागणिक बदलते.

टे-सॅक्स आजारात हेक्सा जनुक बिघडते, जीएम२ नावाचे स्निग्ध द्रव्य मेंदूच्या पेशींत साचते आणि बहुतेक बाळे लहानपणीच दगावतात. १९९५ च्या सुमारास हेच जनुक काढलेले उंदीर तयार केले, तर ते जवळपास ठणठणीत! उंदराकडे सियालिडेज हे विकर जोमाने काम करते. ते जीएम२ चे आधी दुसरे द्रव्य बनवते आणि ते द्रव्य शिल्लक असलेले हेक्सोसामिनिडेज-बी पचवते. ही आडवाटही बंद होते ती सँडहॉफ आजारात, आणि तो आजार असलेले उंदीर खरोखर खंगतात. त्यामुळे टे-सॅक्सवरचे बरेच प्रयोग सँडहॉफ उंदरावर होतात. शीर्षकात एक आजार आणि पद्धतींच्या भागात दुसऱ्याचा उंदीर दिसला तर दचकू नका.

सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक १९८९ मध्ये सापडले, उंदीर १९९२ मध्ये आला. त्याची आतडी तुंबतात, पण फुप्फुसाचा जो आजार रुग्णाचा जीव घेतो तो त्याला होत नाही. उंदराच्या श्वासमार्गात क्लोराइड बाहेर सोडणारे दुसरे मार्ग आहेत, शिवाय तिथला द्राव आम्लधर्मी करणारा एक पंप उंदरात जवळजवळ नाहीच. २००८ मध्ये डुकरात तोच दोष घडवला तेव्हा काही महिन्यांत फुप्फुसाचा आजार दिसू लागला. डुकरे पाळणे महाग आणि कटकटीचे, पण या प्रश्नाला तीच हवीत.

लेश-न्यहान आजाराचा उंदीर १९८७ चा, जनुक बिघडवून बनवलेल्या अगदी पहिल्या उंदरांपैकी. या आजारातली मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावतात, उंदीर तसे काही करत नाही. उंदराकडे युरिक आम्ल मोडणारे विकर असते, माणसाकडे नसते, त्यामुळे ते साचण्याचा भागही त्यात हरवतो. मात्र मेंदूत डोपामीन कमी पडते तो भाग त्याच्यात दिसतो आणि तेवढ्यासाठी हा उंदीर अजून कामाचा आहे.

प्रश्न : मी जनुकीय समुपदेशन करते. एका बाळाच्या अहवालात 'महत्त्व अनिश्चित' असा बदल आला आहे. फळमाशीत तपासून निकाल लावता येतो का? त्यावर किती भरवसा ठेवावा?

त्या जनुकाचा नातलग माशीत असेल तर येतो. माणसाच्या आजारांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्क्यांचे नातलग माशीत सापडतात. आधी दोन्ही प्रथिने अक्षरागणिक शेजारी ठेवून पाहा. बदललेले अमिनो आम्ल माशीतही तेच असेल तर काम सोपे होते. नसेल तर माशीचे जनुक बंद करून तिथे माणसाचे बसवावे लागते आणि बहुतेक वेळा हीच पद्धत जास्त विश्वासाची.

ती अशी चालते. माशीच्या जनुकात मधोमध एक तुकडा घालतात. त्याने ते जनुक तुटते आणि त्याच जागी, त्याच वेळी गॅल४ नावाचे प्रथिन बनू लागते. हे गॅल४ दुसरीकडे ठेवलेले माणसाचे जनुक चालू करते. जनुक तुटलेल्या माश्या मरत असतील आणि माणसाच्या निरोगी जनुकाने जगत असतील, तर मैदान तयार झाले. आता बाळातला बदल असलेले जनुक घाला. माशी जगली नाही, तर बदल घातक असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. जगली पण धडपडत असेल तर बदल जनुकाला अर्धे पांगळे करतो. त्यासाठी नळी ठोकून माश्या तळाला पाडतात आणि १० सेकंदांत किती माश्या ८ सेंटिमीटरची खूण ओलांडतात ते मोजतात.

गडबड कुठे होते तेही सांगतो. निरोगी आणि बदललेले जनुक गुणसूत्रावर एकाच जागी बसवलेले हवे. जागा वेगळी असेल तर प्रथिनाचे प्रमाण बदलते आणि दोष बदलाच्या माथी मारला जातो. गॅल४ तापमानासोबत वाढते. २९ अंशांवर कमकुवत जनुकही भरपूर बनून माशीला वाचवू शकते, म्हणून प्रयोग १८, २५ आणि २९ अंशांवर करून पाहावा. आणि बदल जनुकाला मारणारा नसून चेकाळवणारा असेल, किंवा निरोगी प्रतीच्या कामात अडथळा आणणारा असेल, तर 'जगवते का' ही परीक्षा त्याला बिनधोक ठरवून मोकळी होईल. बाळात एकच प्रत बदललेली असेल आणि आई-वडिलांत तो बदल नसेल, तर निरोगी माशीत तो बदल घालून काय बिघडते हे वेगळे तपासून घ्या.

भरवसा किती, हे तुलनेच्या बदलांवर ठरते. एकट्या बाळाच्या बदलावर केलेला प्रयोग कच्चा असतो. त्याच जनुकातले घातक आणि निरुपद्रवी ठरलेले बदल त्याच पद्धतीने तपासलेले हवेत. संख्याशास्त्राचे काटेकोर गणित जोडलेले नसेल तर पुराव्याला 'मध्यम' दर्जा द्यायलाही असे किमान ११ बदल लागतात. अहवालात ते नसतील तर प्रयोगशाळेकडे मागा. माशीची वाट पाहत असतानाच, त्याच जनुकात बदल असलेला दुसरा रुग्ण 'जीनमॅचर'सारख्या जुळवणी-यादीत सापडतो का, हेही पाहा. असा एक रुग्ण कधीकधी माशीच्या आधी निकाल लावून देतो.

प्रश्न : संशोधन विद्यार्थी आहे. रुग्णातला एका अक्षराचा बदल क्रिस्परने (जनुक हव्या जागी कापून बदलण्याचे तंत्र) उंदरात घालायचा आहे. किती वेळ धरावा आणि लोक कुठे अडकतात?

उपचार तपासण्याजोगे उंदीर हाती यायला नऊ महिने ते वर्ष धरा. हिशेब सरळ आहे. फलित अंड्यात बदल करण्यापासून जन्मापर्यंत तीन आठवडे, पिल्ले जोडीला यायला सहा ते आठ आठवडे, पुन्हा तीन आठवडे गर्भ, पुन्हा वाढ. सगळे सुरळीत झाले तरी दोन्ही प्रती बदललेले पहिले पिल्लू सहा महिन्यांच्या आसपास जन्मते आणि त्यानंतर संख्या जमवायची असते.

सुरुवात कागदावर करा. माणसाच्या जनुकाचा तो भाग उंदरात तसाच आहे का? बदल एक्सॉनमध्ये असेल तर बहुधा जमते. इंट्रॉनच्या, म्हणजे एक्सॉनांमधल्या गाळल्या जाणाऱ्या भागाच्या, आत खोलवर असेल, किंवा एक्सॉनांची जोडणी बिघडवणारा असेल, तर उंदराच्या इंट्रॉनमधली अक्षरे वेगळी असल्याने परिणाम दिसणारच नाही. तिथे माणसाचा तुकडा किंवा अख्खे जनुकच बसवावे लागते. एसएमएत हेच घडले. उंदराकडे एकच एसएमएन जनुक असते आणि ते काढले की गर्भच टिकत नाही. माणसाचे एसएमएन२ जनुक घातल्यावर पिल्ले जन्मली. दोन प्रती घातलेली सुमारे आठवडाभरात गेली, आठ प्रती घातलेली निरोगी राहिली. प्रतींची संख्या आजाराची तीव्रता ठरवते ही रुग्णांत दिसणारी गोष्ट अशी पिंजऱ्यात उतरली.

कॅस९ या कापणाऱ्या विकराला जागा दाखवणाऱ्या गाइडची २० अक्षरे अशी निवडा की काप बदलाच्या जागेपासून दहा अक्षरांच्या आत पडेल. जितके दूर जाल तितका बदल बसण्याचा संभव घसरतो. नमुना म्हणून १२० ते २०० अक्षरांचा एकेरी डीएनए द्या. त्यात अमिनो आम्ल न बदलणारा एक जादा बदल घालून कॅस९ ची ओळखखूण मोडा, नाहीतर दुरुस्त झालेली प्रत ते पुन्हा कापते. हा जादा बदल जोडणी बिघडवत नाही ना, हे आधी तपासा. त्यासाठी फक्त तो बदल असलेला, पण रुग्णाचा बदल नसलेला उंदीर तुलनेला ठेवणे सर्वांत चांगले.

जन्मलेली पहिली पिल्ले मोझेइक असतात, म्हणजे एकाच अंगात तीन-चार प्रकारच्या पेशींची सरमिसळ. शेपटीच्या टोकात बदल दिसला म्हणून तो बीजपेशींत असेलच असे नाही. या पिलांवर प्रयोग करू नका, त्यांची निरोगी मूळ वाणाशी जोडी लावा आणि पुढची पिढी वाचा. इथेच सर्वांत मोठा सापळा आहे. कॅस९ कधीकधी शेकडो-हजारो अक्षरे उडवते. तुमची पीसीआरची (डीएनएचा ठरावीक भाग वाढवणाऱ्या चाचणीची) प्रायमर-जोडी कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीनशे अक्षरांवर बसवलेली असेल तर ती प्रत वाढतच नाही. दुसरी प्रत तेवढी दिसते आणि पिल्लू 'दोन्ही प्रती बदललेले' वाटते. प्रत्यक्षात एक प्रत गायब असते. म्हणून काही हजार अक्षरे झाकणारी लांब पीसीआर करा आणि प्रतींची संख्या मोजा. नमुना-डीएनए एकामागे एक दोनदा बसल्याचेही आढळते, तेही अशानेच पकडता येते.

मूळ वाण निवडताना त्याची जन्मजात खोट माहीत करून घ्या. सी५७ब्लॅक/६ च्या 'एन' उपवाणात डोळ्याचा पडदा बिघडवणारा आरडी८ बदल असतो, 'जे' उपवाणात तो नसतो, पण मायटोकाँड्रियाचे एनएनटी जनुक तुटलेले असते. एफव्हीबी आणि सी३एच वाणांचे उंदीर लहानपणीच आंधळे होतात, त्यांना पाण्यातल्या चक्रव्यूहात खुणा पाहून पोहायला लावणे व्यर्थ. ड्रावे सिंड्रोम या बालपणीच्या अपस्माराचा एससीएन१ए जनुकातला दोष ब्लॅक/६ च्या पार्श्वभूमीवर झटके आणि मृत्यू देतो, १२९ वाणात तोच दोष फारसा जाणवत नाही. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत तर आधी वाणाचे अखेरचे अक्षर पाहा.

आता संख्या. दोन वाहकांच्या जोडीतून चारात एक पिल्लू आजारी. एका गटात २४ आजारी पिल्ले हवी असतील तर सुमारे ९६ जन्मायला हवीत, म्हणजे सहा ते आठ पिलांची बारा-सोळा वेते. उपचाराचा गट आणि तुलनेचा गट धरला की आकडा दुप्पट. नर-मादी वेगळे मोजायचे तर आणखी दुप्पट. तुलनेची पिल्ले त्याच वेतातली घ्या, कोणाला औषध मिळाले हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका, आणि जन्मानंतर व २१ व्या दिवशी दोन्हीदा गणती करा. २१ व्या दिवशी चारात एक भरत नसेल तर आजारी पिल्ले मधल्या काळातच जात आहेत आणि तुमच्या हाती फक्त तगलेली उरली आहेत.

हे सगळे अतिकाळजीचे वाटत असेल तर एसओडी१ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या एएलएस या चेतापेशी मारणाऱ्या आजाराचा इतिहास पुरेसा बोलका आहे. त्या उंदरात दोषी जनुकाच्या सुमारे २५ प्रती असतात. पैदाशीत त्यातल्या काही गळाल्या की उंदीर आपोआप जास्त जगतो आणि श्रेय औषधाला जाते. २००८ मध्ये जुने दावे मोठ्या गटांत, प्रती मोजून पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांचा परिणाम योगायोगाच्या मर्यादेतच निघाला.

प्रश्न : झेब्राफिश माशात मॉर्फोलिनोने (जनुकाचा आरएनए अडवणारा कृत्रिम रेणू) जनुक दाबले तर हृदय सुजते, क्रिस्परने काढले तर मासा निरोगी. खरे कोणते?

दोन्ही शक्यता उघड्या आहेत. मॉर्फोलिनोचे प्रमाण जास्त झाले की ते पी५३ हे पेशीला मरणाकडे ढकलणारे प्रथिन जागे करून पेशी मारते आणि हृदयाभोवतीची सूज हे त्या विषबाधेचे नेहमीचे लक्षण. दुसरीकडे, क्रिस्परने तुटलेल्या जनुकाचा सदोष आरएनए नष्ट होताना नातलग जनुके वाढतात आणि उणीव झाकतात, हे २०१५ पासून दिसत आले आहे. तिसरी शक्यताही तपासा. अंड्यात आईने भरून ठेवलेला निरोगी आरएनए पहिले काही दिवस पिलाला पुरतो.

उलगडा असा करा. एक-पेशी अवस्थेत तेच मॉर्फोलिनो, तेवढ्याच प्रमाणात, जनुक काढलेल्या माशात टोचा. तिथेही हृदय सुजले तर सूज जनुकामुळे नाही, कारण दाबायला जनुकच उरलेले नाही. सुजले नाही तर मॉर्फोलिनो नेमके आहे, मग आरएनएच न बनणारा दुसरा क्रिस्पर-वंश करून पाहा. आणि माशात त्या जनुकाच्या दोन प्रती आहेत का हे विसरू नका. एससीएन१ए चे तसेच आहे. दोनपैकी एक पूर्ण काढली की परिणाम माणसातल्या अर्ध्या उणिवेसारखा होतो आणि २०१३ मध्ये त्याच माशांवर औषधे पारखताना क्लेमिझोल हे जुने ॲलर्जीचे औषध झटके कमी करते असे दिसले.

प्रश्न : प्रयोगासाठी कुत्र्यांना मुद्दाम आंधळे केले जाते, हे खरे का?

आनुवंशिक अंधत्वावरच्या सर्वांत गाजलेल्या कामात तसे झाले नाही. ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत आरपीई६५ जनुकातली चार अक्षरे निसर्गतःच गळालेली होती. २००१ मध्ये त्या जनुकाच्या उपचाराने अशा कुत्र्यांना दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याच मार्गावरचे औषध अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाले. पुढे अशा कुत्र्यांची पैदास प्रयोगशाळेत केली जाते हे मात्र खरे. त्याचा विचार करताना १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन पथ्ये आजही कसोटी आहेत : पर्याय असेल तर प्राणी नको, संख्या कमीत कमी, यातना कमीत कमी.

प्रश्न : आमच्या मुलीचा आजार जगात मोजक्याच मुलांत नोंदला आहे. तिच्याच पेशींवर औषध तपासता येईल का? त्यासाठी आम्ही आत्ता काय करू शकतो?

अनेकदा येते. ३ मिलिमीटरची त्वचेची बायोप्सी किंवा सुमारे १० मिलिलिटर रक्त पुरते. त्वचेच्या तुकड्यातून दोन ते चार आठवड्यांत फायब्रोब्लास्ट पेशी वाढतात. २००६-०७ मध्ये यामानाका यांच्या गटाने दाखवलेल्या चार घटकांनी त्यांना मूलपेशीच्या अवस्थेत परत नेता येते, मग त्यांपासून चेतापेशी, हृदयपेशी, यकृतपेशी बनवता येतात.

मर्यादा दोन. अशा चेतापेशी गर्भातल्या पेशींइतक्या कोवळ्या असतात. चाळिशीत उमटणारा आजार त्यांत दिसायला अवघड, बालपणीचा तुलनेने सोपा. आणि दोन माणसांच्या पेशी आजार नसतानाही वेगळ्या वागतात, म्हणून शेजारच्या निरोगी मुलाच्या पेशी तुलनेला घेणे फसवे ठरते. मुलीच्याच पेशीतला दोष क्रिस्परने दुरुस्त करून ती जोडी तुलनेला हवी, आणि प्रत्येकीच्या किमान दोन-तीन स्वतंत्र वसाहती. वाढवताना पेशी २० व्या गुणसूत्राचा एक छोटा भाग दुप्पट करून बळावतात. साध्या गुणसूत्र-चित्रात तो दिसत नाही, वेगळी चाचणी मागावी लागते. दोष एक्स गुणसूत्रावर असेल तर मुलींमध्ये काही वसाहती निरोगी प्रत वापरतात, काही सदोष. हे न तपासता केलेला निष्कर्ष उलटा निघू शकतो.

काही आजारांत मूलपेशींची गरजच नसते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये गुदाशयाच्या आतल्या आवरणाचे चिमटाभर तुकडे घेऊन ऑर्गेनॉइड, म्हणजे अवयवाच्या इवल्या प्रतिकृती, वाढवतात. फोर्स्कोलिन हे क्लोराइडची वाहिनी चेतवणारे रसायन घातल्यावर ती वाहिनी चालू असेल तर पाणी आत शिरून हे इवले फुगे तासाभरात फुगतात, बंद असेल तर फुगत नाहीत. औषध घालून फुगले तर ते त्या रुग्णाला लागू पडण्याची शक्यता चांगली. २०१३ पासून वापरात असलेली ही चाचणी, आमच्या मते, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींनी औषध निवडण्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

आत्ता करायचे काम म्हणजे पेशी गोठवून ठेवणे. मुलीला इतर कारणाने भूल दिली जाणार असेल तेव्हाच बायोप्सी उरकून घ्या, वेगळा त्रास नको. पेशी पाचव्या पिढीच्या आत, किमान दोन वेगळ्या टाक्यांत, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या जातील हे लेखी घ्या. संमतिपत्रात मूलपेशी बनवण्याची, जनुक बदलण्याची आणि इतर प्रयोगशाळांना देण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली असावी. ती नसेल तर चार वर्षांनी कुणी काम करायला तयार झाले तरी पेशी हलवता येत नाहीत. सोबत तारखेसह नोंदवही ठेवा : झटके किती, किती पावले चालली, कोणते शब्द गेले. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच कोनातून व्हिडिओ घ्या. उद्या औषध आले तर त्याने फरक पडला का, हे ठरवायला तुलनेचा गट नसेल. या नोंदीच तेव्हा तुलना होतील.

प्रश्न : एकाच मुलासाठी औषध बनवले गेल्याचे वाचले. मग प्राण्यांवरचे प्रयोग आता संपले म्हणायचे का?

कमी झाले, संपलेले नाहीत. २०१९ मध्ये बॅटन या मेंदू झिजवणाऱ्या आजाराच्या एका मुलीबद्दल प्रसिद्ध झाले. तिच्या जनुकात घुसलेल्या एका तुकड्याने जोडणी बिघडली होती. तो बिघाड झाकणारे २२ अक्षरांचे औषध तिच्या त्वचेच्या पेशींत तपासले, विषारीपणा 'रॅट' या मोठ्या उंदरांत पाहिला आणि सुमारे वर्षभरात पहिला डोस दिला. तिच्या आजाराचा वेगळा उंदीर कुणी बनवला नाही, तेवढा वेळच नव्हता. झटके कमी झाले, आजार मात्र खूप पुढे गेलेला होता. २०२५ मध्ये सीपीएस१ या यकृतातील विकराची उणीव असलेल्या बाळासाठी एक अक्षर दुरुस्त करणारे औषध सुमारे सहा महिन्यांत तयार झाले. तेव्हा त्याच बाळाचा दोष घातलेल्या पेशी, तोच दोष असलेले उंदीर आणि सुरक्षिततेसाठी माकडे, अशा तिन्ही पातळ्यांवर चाचणी झाली. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची ठेवलेली नाही. पण औषध अवयवांत कुठे पोहोचते आणि यकृत काय म्हणते, हे ताटलीतल्या पेशी अजून पुरेसे सांगत नाहीत.

प्राणीही फसवतो, तेही सांगायलाच हवे. पीएचपी.बी नावाचा विषाणूवाहक ब्लॅक/६ उंदरात रक्तातून मेंदूत सहज शिरला आणि सगळे हरखले. बॅल्ब/सी उंदरात तो शिरेना, माकडांतही नाही. ज्या एलवाय६ए प्रथिनाला धरून तो आत जात होता, ते काही उंदीर-वाणांच्या रक्तवाहिन्यांवरच तसे असते. त्याहून जड घडले ते एक्स-संलग्न मायोट्युब्युलर मायोपथी या स्नायूंच्या आजारात. जनुकोपचाराने हा आजार असलेले कुत्रे विलक्षण सुधारले. रुग्णांच्या चाचणीत अनेक मुलांची ताकद वाढलीही, पण २०२० आणि २०२१ मध्ये चार मुलगे यकृताच्या गुंतागुंतीने गेले. या आजारात मुलांच्या पित्तमार्गातही बिघाड असतो, कुत्र्यांच्या अभ्यासात तो दिसलेला नव्हता. तेव्हापासून या आजाराच्या कुठल्याही प्रस्तावात आम्ही स्नायूंच्या आलेखाआधी बिलिरुबिन आणि पित्ताम्लांच्या नोंदी शोधतो, आणि डोस प्रति किलो किती विषाणूकणांचा आहे ते पाहतो. त्या चाचणीतला मोठा डोस किलोमागे ३०० लाख कोटी कणांच्या आसपास होता.